वेळेआधी गेलेला एलईडी बल्ब आणि पर्यावरणाचा हिशेब

उजेडवाट

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब अचानक बंद पडला. वेष्टनावर १५,००० तासांचे आयुष्य छापलेले होते. आमचा वापर रोज साधारण सहा तासांचा, म्हणजे दोन वर्षांत तो जेमतेम ४,४०० तास जळला. फेकून देण्याआधी तो जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून त्याची पांढरी प्लास्टिकची टोपी काढून पाहिली. आत ॲल्युमिनियमची गोल चकती होती, तिच्यावर नऊ पिवळसर चौकोनी ठिपके होते आणि त्यांपैकी एकाच्या मधोमध खसखशीएवढा काळा डाग पडला होता. बाकीचे आठ दिसायला तरी धडधाकट होते. पण सगळे एकाच माळेत ओवलेले असल्यामुळे एक मणी जळला आणि सगळा दिवा अंधारला.

वेष्टनावर हिरवे पान छापून ‘पर्यावरणपूरक’ असे लिहिलेले असते. आयुष्याचा तिसरा हिस्साही न गाठणाऱ्या या दिव्याने तो शब्द खरा केला की नाही, हे तपासायला मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. हिशेब पुढे मांडते आहे. चुकला असेल तर जाणकारांनी दाखवून द्यावे.

दिव्याने जे वाचवले ते घरात कुठेच दिसत नाही. ते पाहायचे तर दूरच्या औष्णिक वीजकेंद्राचा कोळशाचा ढीग, धुराडे आणि राखेचे तळे डोळ्यांसमोर आणावे लागते, म्हणून सुरुवात तिथूनच केली. कोळशातील उष्णतेचे १०० भाग धरले, तर सर्वसाधारण केंद्रात त्यांपैकी सुमारे ३५ भागांची वीज होते आणि उरलेली उष्णता थंड करण्याच्या पाण्यातून व धुराड्यातून निघून जाते. तारा आणि रोहित्रे यांतली घट दहा टक्के धरली, तर घरातल्या होल्डरपर्यंत साडेएकतीस भाग पोहोचतात. जुना पिवळा बल्ब त्यांपैकी पाचेक टक्क्यांचाच दृश्य प्रकाश करतो. थोडक्यात, शंभर भाग कोळसा जाळून डोळ्यांच्या वाट्याला दीड भाग उजेड येतो. एलईडी बल्ब त्याच विजेपैकी साधारण तीस टक्के प्रकाशात आणतो आणि तेवढ्याच कोळशातून नऊ ते साडेनऊ भाग उजेड देतो. होल्डरपाशी एक युनिट वाचले की भट्टीत तीन युनिटांहून अधिक उष्णता वाचते, ही गोष्ट मी आजवर कधी लक्षात घेतली नव्हती.

आता प्रत्यक्ष आकडे. ६० वॉटचा पिवळा बल्ब सुमारे ८०० ल्युमेन प्रकाश देतो आणि तेवढाच प्रकाश ९ वॉटच्या एलईडीतून मिळतो. फरक ५१ वॉटचा. ४,४०० तासांत हा फरक २२४ युनिटांचा होतो. कोळशापासूनच्या विजेच्या एका युनिटमागे ९०० ग्रॅम ते एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. याचा अर्थ माझ्या या अल्पायुषी दिव्याने २०० किलोहून अधिक वायू हवेत जाण्यापासून रोखला. शिवाय पिवळे बल्ब साधारण हजार तासांत जातात, तेव्हा एवढ्या काळात तसे चार बल्ब फेकून पाचवा लावावा लागला असता.

उरलेल्या १०,६०० तासांतली आणखी ५४० युनिटांची बचत मात्र त्या खसखशीएवढ्या डागाने गिळली, आणि मला खंत आहे ती त्याचीच.

गणिती

ताई, वीजकेंद्रापासून सुरुवात करण्याची पद्धत आवडली, कारण पुष्कळ जण वॉटांची वजाबाकी करून थांबतात. पण हिशेबात दोन चुका आहेत आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत.

पहिली चूक शेवटच्या परिच्छेदात आहे. बल्ब गेल्यावर आपण त्या जागी पुन्हा ६० वॉटचा पिवळा बल्ब लावणार नाही, दुसरा एलईडीच लावणार. तेव्हा ती ५४० युनिटे बुडालेली नाहीत, ती नवा बल्ब वाचवीलच. बुडाले ते एवढेच की, एकाच्या आयुष्यात दोन बल्ब घडवावे लागले आणि एकाचा कचरा आधीच झाला. हे नुकसान खरे आहे, पण त्याचे माप वेगळे आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २०१२ मध्ये पिवळा बल्ब, सीएफएल (वळवलेल्या नळीचा, ट्यूबलाइटच्या जातीचा छोटा दिवा) आणि एलईडी या तिन्ही प्रकारच्या दिव्यांचा निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसले की, दिव्याला आयुष्यभरात लागणाऱ्या ऊर्जेपैकी बहुतांश ऊर्जा तो जळत असतानाच लागते आणि कारखाना व वाहतूक यांचा वाटा त्यामानाने लहान असतो. सारखाच प्रकाश मिळवण्यासाठी एलईडी आणि सीएफएल या दोघांनाही पिवळ्या बल्बच्या साधारण पाव हिस्सा ऊर्जा लागते, असेही त्यात आढळले. हे २०१२ च्या आसपासचे एलईडी होते. त्यानंतर त्यांची कार्यक्षमता बरीच वाढली आहे.

दुसरी चूक गृहीतकाची आहे. आपण तुलना पिवळ्या बल्बशी केली आहे. पण या होल्डरात एलईडीच्या आधी नेमके काय होते?

उजेडवाट

प्रश्न वर्मी लागला. तिथे १४ वॉटची सीएफएल होती. ती चालू असतानाच मी काढली, कारण लावल्यावर पूर्ण उजेड यायला मिनिटभर लागायचा आणि त्याचा मला कंटाळा आला होता.

मग खरा फरक ५ वॉटचा आणि ४,४०० तासांत २२ युनिटांचा. २०० किलोंचे २० किलो झाले.

गणिती

प्रांजळपणे सांगितलेत, धन्यवाद. आता चित्र बदलते. पिवळा बल्ब चालू असला तरी काढून टाकणे फायद्याचे ठरते, कारण एलईडी घडवताना खर्ची पडलेली ऊर्जा काहीशे तासांच्या वापरातच भरून निघते. सीएफएलच्या जागी एलईडी आणला, तर तीच भरपाई व्हायला त्याच्या कितीतरी पट तास लागतात, आणि नवा दिवा मध्येच गेला तर जमा-खर्च जवळपास बरोबरीत सुटतो. म्हणून माझे मत असे की पिवळे आणि हॅलोजन बल्ब आज बदलावेत आणि सीएफएल आपल्या मरणाने गेल्यावर बदलावी. लांब नळीच्या ट्यूबलाइटलाही हेच लागू. चांगल्या इलेक्ट्रॉनिक चोकवर चालणारी ट्यूब काही अगदी वाईट दिवा नाही.

कोरीपाटी

सीएफएलमध्ये पारा असतो, हे आपण विसरलात का? आपल्या मरणाने जाऊ द्यावी हे ठीक आहे, पण ती हातातून पडून फुटली तर? विषारी दिवा घरात ठेवण्यापेक्षा तो लवकर काढलेला बरा, असे मला तरी वाटते.

प्रयोगशाळा

पाऱ्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण भीती आणि निष्काळजीपणा ही दोन्ही टोके नेहमी पाहायला मिळतात.

सीएफएलमध्ये पारा असतो हे खरे, पण तो काही मिलीग्रॅमच असतो. जुन्या काचेच्या तापमापकातला पारा त्याच्या शंभरपट किंवा त्याहूनही अधिक भरत असे. दिवा शाबूत आहे तोवर त्यातून काही बाहेर पडत नाही, तेव्हा नुसता घरात असल्याने अपाय होत नाही. फुटलाच तर खिडक्या उघडाव्यात, माणसांनी आणि पाळीव प्राण्यांनी दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर जावे, मग जाड कागदाने तुकडे गोळा करावेत, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपावा आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, त्याने पाऱ्याची वाफ आणि भुकटी पसरते.

दुसरी बाजू अशी की कोळशातही पारा असतो आणि कोळसा जळताना त्यातला काही भाग धुराड्यातून हवेत जातो. त्यामुळे वीज प्रामुख्याने कोळशावर होत असेल तिथे, पारा अजिबात नसलेला पिवळा बल्बच आपल्या भुकेपायी सीएफएलपेक्षा जास्त पारा वातावरणात सोडतो. हा पारा पावसाबरोबर पाण्यात उतरतो, तिथले सूक्ष्मजीव त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे तो साठत जातो.

अर्थात एलईडीमध्ये पारा नसतोच, त्यामुळे आज नवा दिवा घेताना हा वाद उरत नाही. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये अमलात आला. त्याच्या सदस्य देशांनी २०२२ आणि २०२३ च्या बैठकांत ठरवले की बल्बच्या होल्डरात बसणाऱ्या सीएफएलचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२५ अखेर आणि लांब ट्यूबलाइटची २०२७ अखेरपर्यंत थांबवायची. जपानच्या मिनामाता उपसागरातल्या मासळीमुळे माणसांच्या मज्जासंस्था कशा उद्ध्वस्त झाल्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कराराच्या नावाचे कारण सांगावे लागणार नाही.

जळून गेलेल्या सीएफएल मात्र रोजच्या कचऱ्यात टाकू नयेत, ई-कचऱ्यात द्याव्यात. घंटागाडीत पडलेली नळी वाटेतच फुटते.

जुनेखोड

आपणा सर्वांचे हिशेब वाचले. माझा अनुभव वेगळा आहे. लहानपणी आमच्या जिन्यातला पिवळा बल्ब कित्येक वर्षे न बदलता चालला. हल्लीच्या दिव्यांत तो टिकाऊपणा नाही. वरचेवर फेकावी लागणारी वस्तू पर्यावरणाच्या भल्याची कशी, हे मला उमगत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा एक बल्ब अजून जळतो आहे, हे तरी कुणी नाकारणार नाही.

प्रयोगशाळा

जुनेखोड, तो बल्ब खराच आहे, पण तो आज सुमारे ४ वॉटच्या रात्रीच्या दिव्याइतका मंद जळतो, हेही त्याबरोबर सांगायला हवे. तापून उजेड देणाऱ्या तारेचे आयुष्य आणि तिचा उजेड यांचे एकमेकांशी वैर असते. तार थोडी कमी तापवली तर तिचे बाष्पीभवन मंदावते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. पण मग ती वीज घेऊन लालसर उजेड आणि भरपूर उष्णता देते. आपल्या जिन्यातला बल्ब कमी दाबाच्या विजेवर चालत असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

१९२४ मध्ये मोठ्या बल्ब उत्पादकांनी जिनीव्हात संगनमत करून आयुष्य हजार तासांवर आणले आणि त्याहून जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सदस्यांना दंड ठेवला, ही फीबस संघाची हकीकत खरी आहे. त्यात नफ्याचा हेतू उघड होता. पण हजार तासांच्या बल्बला त्याच विजेत अधिक उजेड मिळत असे, हा तांत्रिक भागही त्यात होता. पिवळ्या बल्बच्या बाबतीत टिकाऊ आणि काटकसरी हे दोन्ही गुण एकत्र नांदूच शकत नव्हते. एलईडीत ते नांदू शकतात, आणि म्हणूनच एलईडी वेळेआधी जातो तेव्हा त्याचा राग यायला हवा.

तारजोडणी

मी विजेची कामे करतो, तेव्हा मूळ धाग्यातल्या काळ्या डागाबद्दल लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे समजतो.

उजेडवाट ताई, तुमचा बल्ब बंद काचेच्या गोळ्यात होता का? माझा अंदाज होय असा आहे. एलईडी पिवळ्या बल्बसारखी उष्णता पुढे फेकत नाही, पण आत ती निर्माण होतेच. तुमच्याच हिशेबाप्रमाणे ७० टक्के वीज उष्णता होते, म्हणजे ९ वॉटच्या बल्बमध्ये सहा वॉटांहून जास्त. ही उष्णता ॲल्युमिनियमच्या चकतीतून बुडाकडे आणि तिथून हवेत जाते. बल्बभोवतीची हवाच कोंडलेली असेल तर ठिपके भाजून निघतात. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे घरातली वीज ठिपक्यांना हवी तशी करून देणाऱ्या मंडलात, जो नळकांड्यासारखा कपॅसिटर असतो, त्यातला द्रवही उष्णतेने सुकतो. दर १० अंश तापमानवाढीला कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. वेष्टनावरचे १५,००० तास मोकळ्या हवेतले असतात, बंद गोळ्यातले नसतात.

जळालेला ठिपका तारेने जोडून बल्ब पुन्हा सुरू करता येतो, आणि पुष्कळ जण तसे करतात. पण उरलेल्या ठिपक्यांवर जास्त दाब येतो आणि ते एकामागून एक जातात. शिवाय या बल्बांतला ड्रायव्हर बहुतेक वेळा मुख्य विजेपासून अलग केलेला नसतो, त्यामुळे होल्डरात लावलेल्या उघड्या चकतीला हात लावणे म्हणजे सरळ मुख्य तारेला हात लावणे. माहिती नसलेल्याने हा उद्योग करू नये.

खरा उपाय दिवा उघडता येण्यासारखा बनवण्यात आहे. चकती, ड्रायव्हर आणि बुड हे तिन्ही वेगळे काढता आले तर गेलेला भागच बदलता येईल. सध्याच्या बल्बांत टोपी चिकटवलेली, चकती दाबून बसवलेली आणि ड्रायव्हर कोंबलेला असतो. छतात बसणाऱ्या काही फिटिंगांत मात्र ड्रायव्हर बाहेर वेगळ्या डबीत असतो. तो गेला तर तेवढाच बदलतो आणि दिवा तसाच राहतो. नवीन घरात दिवे ठरवताना याकडे लक्ष द्यावे.

गणिती

वरच्या प्रतिसादाला जोडून एक गोष्ट सांगतो, जी दिव्यांच्या चर्चेत सहसा येत नाही. घरातले दिवे लागतात ते सूर्य मावळल्यावर. त्याच वेळी सौरऊर्जेची वीज संपते, पंखे आणि इतर उपकरणे चालूच असतात आणि विजेची मागणी संध्याकाळच्या शिखरावर पोहोचते. हे शिखर भरून काढायला कोळशाची किंवा वायूची केंद्रे ताणली जातात. त्यामुळे संध्याकाळी सात वाजता वाचलेले युनिट दुपारी बारा वाजता वाचलेल्या युनिटापेक्षा हवेला जास्त उपयोगी पडते. तारांमधली घटही विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर घट चौपट. शिखराच्या वेळी भार कमी केला तर घटसुद्धा भाराहून झपाट्याने उतरते.

आणि उन्हाळ्यात एसी चालू असलेल्या खोलीत पिवळा बल्ब दुहेरी खर्च करतो. त्याची जवळपास सगळीच वीज शेवटी खोलीत उष्णता होते आणि ती बाहेर काढायला एसी आणखी वीज घेतो. ६० वॉटच्या बल्बमागे सुमारे २० वॉट. थंड प्रदेशात याच्या उलट घडते, तिथे बल्बच्या उष्णतेने हीटरचे थोडे काम होते आणि बदलाचा फायदा तेवढा कमी होतो. पण विजेच्या बल्बने खोली तापवणे हा काही शहाणा मार्ग नव्हे.

काळोखप्रेमी

मला या धाग्यात एका गोष्टीची उणीव जाणवते. आपण सर्व जण प्रति दिवा बचत मोजत आहोत. दिव्यांची संख्या कोणीच मोजत नाही.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवून दिले होते की वाफेची इंजिने काटकसरी झाल्याने कोळशाची मागणी घटली नाही, उलट वाढली. कारण स्वस्तात काम होऊ लागल्यावर इंजिने अधिक ठिकाणी लावली गेली. उजेडाचेही तसेच होते आहे. पूर्वी ज्या गॅलरीत एक बल्ब होता तिथे आज कपाटाच्या कडेला पट्टी, झाडाच्या बुंध्याला फिरवलेली माळ आणि भिंतीवर रात्रभर जळणारी नक्षी असते. ‘एलईडीच तर आहे, कितीसा जळणार’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची चीड येते.

यात केवळ विजेचा प्रश्न नाही. उपग्रहांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, २०१२ ते २०१६ या काळात रात्री उजळलेला पृथ्वीचा पृष्ठभाग दरवर्षी सुमारे २.२ टक्क्यांनी वाढत होता. तो उपग्रह निळा प्रकाश नीट टिपत नाही, आणि पांढऱ्या एलईडीत निळा भाग बराच असतो, त्यामुळे खरी वाढ याहून जास्त असणार. पुढे २०२३ मध्ये जगभरातल्या हौशी निरीक्षकांच्या तारे मोजण्याच्या नोंदींवरून असे निघाले की, २०११ ते २०२२ या काळात आकाशाचा उजळपणा वर्षाला सरासरी साडेनऊ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढला. या गतीने, ज्या गावात मूल जन्मताना २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचे होईपर्यंत शंभरच तारे उरतात.

हा निळसर प्रकाश हवेत जास्त विखुरतो. पतंग आणि भुंगे दिव्याभोवती घिरट्या घालून दमतात किंवा आयतेच भक्ष्य होतात. समुद्रकाठी अंड्यांतून निघालेली कासवाची पिल्ले क्षितिजावरच्या उजळ बाजूकडे धावतात. ती बाजू एरवी समुद्राची असते, पण किनाऱ्यावर दिवे असले की पिल्ले रस्त्याकडे वळतात. कोळसा वाचवून रात्र गमावली, तर त्या हिशेबाला मी फायद्याचा हिशेब म्हणणार नाही.

गणिती

काळोखप्रेमी, आपल्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, जेव्हन्स यांच्या मुद्द्याशी मात्र पूर्णपणे नाही. घराच्या आतल्या उजेडाला गरजेची एक मर्यादा असते. पुस्तक वाचताना पुरेसा उजेड झाला की त्याच्या दुप्पट उजेड कोणी मागत नाही. घरगुती दिव्यांत वाढीव वापर बचतीचा काही भाग खातो, सगळी बचत खात नाही. जगाच्या एकूण विजेत दिव्यांचा वाटा २००५ च्या सुमारास १९ टक्क्यांच्या आसपास मानला जात होता. पुढच्या दशकात तो १५ टक्क्यांच्या आसपास मांडला जाऊ लागला. दिवे वाढूनही वाटा उतरला, हे लक्षात घ्यावे.

आणि वाढलेला प्रत्येक उजेड उधळपट्टीच असतो असेही नाही. ज्या घरांत वीज पोहोचलेली नाही तिथे रॉकेलची चिमणी जळते. २०१२ च्या एका संशोधनात असे मोजले गेले की, साध्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलच्या वजनापैकी ७ ते ९ टक्के भाग काजळीच्या कणांच्या रूपात बाहेर पडतो. ही काजळी सूर्याची उष्णता धरून ठेवते, आणि घरातल्या माणसांच्या छातीत जाते ती वेगळीच. चिमणीचा उजेड पुस्तकाच्या पानापलीकडे जात नाही. तिची जागा सौर कंदील घेऊ शकला तो एलईडीमुळेच, कारण पिवळ्या बल्बला लागणारी वीज पुरवायची तर खूप मोठे पॅनेल आणि जड बॅटरी लागली असती. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्यावर फॉस्फर नावाचा पिवळा लेप चढवला की पांढरा उजेड होतो, आणि सौर कंदिलात लागतो तो हाच.

काळोखप्रेमी

चिमणीच्या मुद्द्यावर माझे म्हणणे मागे घेतो. माझा रोख घराबाहेरच्या, कोणी पाहत नसतानाही जळणाऱ्या दिव्यांवर आहे. तिथे तरी रंग २७०० किंवा ३००० केल्विनचा म्हणजे पिवळसर, तोंड खाली आणि वर झाकण असावे, एवढा माझा आग्रह आहे. रंगाच्या बदलाने थोडी कार्यक्षमता जाते, हे मान्य करूनही मी तो धरतो.

कोरीपाटी

एक भाबडा प्रश्न विचारू का? फोनवरून लावता येणारे बल्ब घेतले तर बचत वाढते ना? ते आपोआप बंद होतात.

तारजोडणी

दिवा विझवायला विसरण्याची सवय असेल तर वाढते, एरवी नाही. असा बल्ब विझलेला असतानाही फोनच्या हुकमाची वाट पाहत साधारण अर्धा वॉट घेत राहतो. रोज एक तास लागणाऱ्या ९ वॉटच्या बल्बचा हिशेब करा: उजेडासाठी ९ वॉट-तास, आणि उरलेले २३ तास नुसते जागे राहण्यासाठी साडेअकरा. न्हाणीघरात किंवा माळ्यावर असा बल्ब लावणारा माणूस उजेडापेक्षा वाट पाहण्यावर जास्त वीज घालवतो. भिंतीवरचे बटण बंद असते तेव्हा शून्य वीज घेते.

जाता जाता जुन्या झिरोच्या बल्बबद्दल सांगतो. नाव झिरो, पण तो बहुधा १५ वॉटपर्यंत वीज घ्यायचा. रात्री दहा तास जळला तर वर्षाला सुमारे ५५ युनिटे होतात, आणि त्याच जागी अर्ध्या वॉटचा एलईडी लावला तर दोनही होत नाहीत. घरात बदलायचा एखादा दिवा राहिलाच असेल तर तो हाच असेल.

जुनेखोड

आमच्याकडे देवघराबाहेर तोच आहे. उद्या बदलतो.

उजेडवाट

सर्वांचे आभार. तारजोडणी यांचा अंदाज बरोबर ठरला; स्वयंपाकघरातला बल्ब बंद काचेच्या गोळ्यातच होता. नवा बल्ब लावून तासाभराने वीज बंद केली आणि बुडाला बोट लावून पाहिले, तर ते क्षणभरही टेकवता आले नाही. गोळा काढून टाकला, ९ वॉटच्या जागी ७ वॉटचा बल्ब लावला आणि पुन्हा तासाभराने पाहिले, तेव्हा बुड गरम होते, पण हात राहत होता. ओट्यावर उजेड कमी पडतो आहे असे घरात कोणाला जाणवलेही नाही.

काळोखप्रेमी यांचे लिहिणे वाचल्यावर मागच्या दाराबाहेरचा दिवा आठवला. तो संध्याकाळी लागला की सकाळपर्यंत जळत असे आणि १२ वॉटचा, ६५०० केल्विनचा होता. तिथे आता ३००० केल्विनचा ५ वॉटचा दिवा आहे, वरून पत्र्याचे झाकण लावले आहे आणि रात्री अकरानंतर तो बंद करतो. हिशेब केला तर स्वयंपाकघरात सीएफएल काढून दोन वर्षांत जेवढी वीज वाचवली होती, तेवढी या एका दिव्याने साधारण सहा महिन्यांत वाचेल.

जुन्या सीएफएल कपाटात एका खोक्यात होत्या, त्या ई-कचऱ्यात देण्यासाठी बाजूला काढल्या. बंद पडलेला एलईडी त्यांच्यासोबत ठेवण्याआधी शेजाऱ्यांकडून एलईडी तपासण्याचा छोटा टेस्टर आणला आणि होल्डरातून काढलेल्या त्या चकतीवरचा एकेक ठिपका तपासला. नऊपैकी आठ लख्ख उजळले.